बडोद्यात घर घेताना: आपापल्या भागाचे अनुभव सांगा

दांडियाबाजारवाला

आमचा दांडिया बाजारातला वाडा विकायला काढलाय. हिस्सेदार चार, त्यामुळे हातात येईल ते जेमतेम एका फ्लॅटपुरतं. आई-बाबा सत्तरीच्या पुढे, मी पुण्यात. गेल्या तीन खेपांत भायली, मांजलपूर, समा, कारेलीबाग पालथं घातलं. भाव वहीत लिहून ठेवलेत, ते नकोत. दलाल जे सांगत नाहीत ते सांगा. राहून कसं वाटलं, कुठे फसलात, तीच रक्कम आज हातात असती तर कुठे गेला असतात?

बाबांची अट एकच होती: सुरसागर तलाव पायी गाठता आला पाहिजे. दर खेपेला ते ती एखाद किलोमीटरने सैल करतात.

वासणा रोड, तिसरा मजला

वहीत भाव लिहिलेत म्हणता, पण कुठल्या फुटाचे? आमच्या पुस्तिकेत ११८० फूट छापलं होतं. बानाखत, म्हणजे विक्रीचा करार, करायच्या आदल्या रात्री बायकोने गुजरेराच्या (राज्याच्या घरबांधणी नियामकाच्या) साइटवर प्रकल्प उघडला, तर कार्पेट, म्हणजे भिंतींच्या आतली जागा, ६५५. बिल्डरला विचारलं तर तो हसला, "बडोदामां बधा सुपर बिल्टअप ज बोले छे." खोटं नव्हतं त्याचं. रेराचा कायदा २०१६चा, कार्पेटवर विका म्हणणारा. पण बोलण्यात अजून जिना, लॉबी, लिफ्ट सगळं आपल्या डोक्यावर.

मग आम्ही पाहिलेल्या सहा फ्लॅटांची किंमत कार्पेटने भागली. 'स्वस्त' म्हणून बाजूला ठेवलेला वाघोडिया रोडचा फ्लॅट तिसऱ्या नंबरवर गेला आणि महाग म्हणून सोडलेला अकोट्याचा जुना फ्लॅट पहिल्यावर आला. जुन्या बिल्डिंगमध्ये क्लबहाऊस नाही, जिम नाही, त्यामुळे फूट खरे मिळतात. तरी शेवटी घेतला वासण्यालाच, कारण मुलीची शाळा. भागाकार फक्त मनाच्या समाधानाला.

समा तलावाजवळ

आमचं जरा लांबण लागेल.

२०१७ साली तळमजल्याचा टूबीएचके घेतला. सासूबाईंचे गुडघे, म्हणून तळमजला. त्याच बिल्डिंगमध्ये वरच्यापेक्षा दीड लाखाने स्वस्त मिळाला तेव्हा आम्ही दोघं एकमेकांकडे बघून खूश. बडोद्यात जन्म गेलेल्या माणसाने तळमजला स्वस्त का, एवढं तरी विचारायला हवं होतं ना? नाही विचारलं.

३१ जुलै २०१९ला एका दिवसात २० इंचांच्या आसपास पाऊस पडला, तेव्हा पाणी ओट्यापर्यंत येऊन परत गेलं. देव पावला म्हणून विठ्ठल मंदिरात जाऊन आलो. ऑगस्ट २०२४ला पाऊस थांबल्यावर पाणी वाढलं, हे आमच्या पुण्या-मुंबईच्या पाहुण्यांना समजावून सांगता येत नाही. आभाळ कोरडं आणि विश्वामित्री नदी चढतेय, कारण वरून आजवा धरणाचं आणि आजूबाजूच्या गावांचं पाणी येतं. रात्री दोनला गॅलरीतून टॉर्च मारला तर गाडीची बोनेट दिसत नव्हती. घरात साडेचार फूट. फ्रिज तरंगून स्वयंपाकघराच्या दारात आडवा झाला, त्यामुळे सिलेंडर काढता येईना. सासूबाईंना खुर्चीसकट वर नेलं. त्या वाटेत विचारत होत्या, मगर आली का? मगर आली नाही, पुढच्या सोसायटीत दिसली म्हणतात.

आता मुद्दा. वरचे लोक कोरडे होते पण सुखी नव्हते. मीटर सगळे जिन्याखाली, पाण्याची मोटर तळात, लिफ्टचा खड्डा भरलेला. चौथ्या मजल्यावर पाच दिवस दिवा नाही, नळाला पाणी नाही, आणि त्यांच्या आजोबांना दवाखान्यात न्यायला चार जिने. तेव्हा "वरचा मजला घेतला की पुराची काळजी नाही" असं कोणी म्हणालं तर मीटर कुठे बसवलेत ते आधी बघा.

विकायला काढलं होतं. दलाल गिऱ्हाइकाला माझ्यासमोर सांगतो, "पाणी तो एक ज वार आव्युं हतुं." मी गप्प. गिऱ्हाईक गेल्यावर स्वतःचीच लाज वाटली. मग काढून घेतलं विक्रीतून. भाड्याने दिलंय, भाडेकरूला सगळं सांगून.

मांजलपूरची मावशी

बाबा रे, ७० वर्षांच्या माणसांना फ्लॅट कशाला? आमचं टेनामेंट, म्हणजे स्वतःच्या जमिनीवरचं बैठं घर, १९९४चं आहे. पुढे जास्वंद, मागे वाडीइतकी जागा, वर गच्ची. तेव्हा लोक म्हणत होते, मांजलपूर म्हणजे गावाबाहेर, लालबागच्या पुढे कोण राहतं! आता आठवड्याला एक माणूस फाटकाशी येतो, "माशी, आपवानुं छे?" (द्यायचंय का?) त्याला घर नको असतं, घराखालची जमीन हवी असते. फ्लॅटची भिंत जुनी होते, टेनामेंटची जमीन जुनी होत नाही.

पण खरं सांगायचं तर पावसाळ्याआधी गच्चीचं वॉटरप्रूफिंग, टाकी धुणं, दर दोन वर्षांनी रंग, हे सगळं आता ह्यांच्याने होत नाही. मुलगा कॅनडात. रात्री फाटकाला कुलूप लावायला खाली उतरावं लागतं तेव्हा मलाही फ्लॅट आठवतो. मराठी शेजार मात्र आहे, गणपतीत आरतीला वीस घरं जमतात. बाबांना विचार, सुरसागर हवाय की सुरसागरावर भेटणारी माणसं.

दांडियाबाजारवाला

मावशी, बाबांना वाचून दाखवलं. "ही बाई कोण आहे?" एवढंच म्हणाले, आणि चष्मा पुसत बसले.

समावाल्यांना विचारायचं होतं: कारेलीबागला पण तसंच का?

समा तलावाजवळ

गल्लीगणिक वेगळं. कारेलीबागेत एका रांगेत पाणी, मागच्या रांगेत लोक खुर्च्या टाकून बघत होते. नदीपासूनचं अंतर विचारू नका, कांस, म्हणजे पावसाच्या पाण्याचा नाला, कुठून जाते ते विचारा. भूखी कांस, रूपारेल कांस, ही नावं जुन्या माणसांना पाठ आहेत. नकाशा दाखवणाऱ्या पोरांना माहीतच नसतात. आणि विचारायचं तर इस्त्रीवाल्याला, दूधवाल्याला. त्यांना घर विकायचं नसतं.

भायली, दोघंही नोकरीत

आम्ही नव्या बाजूची बाजू मांडतो. २०२०ला भायली, सेवासी, बिल ही गावं महापालिकेत आली, त्याच्या पुढच्याच वर्षी आम्ही थ्रीबीएचके घेतला, ४६ लाखांत. आज त्याच मजल्यावरचा ६८ला गेला. रुंद रस्ते, दोन गाड्या उभ्या राहतात, हवा आहे.

पण सुरुवातीची दोन वर्षं बोअरचं पाणी. चहावर साय यावी तसा थर. केस गळायला लागले म्हणून नवऱ्याने शांपू बदलला, मग डॉक्टर बदलला, शेवटी पाण्याचं फिल्टर बसवलं. आई खंडेराव मार्केटची भाजी घेणारी. इथे भाजी मॉलमध्ये, प्लास्टिकात. तिला रिक्षाने मांडवीला जायचं तर येऊन-जाऊन अर्धा दिवस जातो. ती म्हणते, "घर छान आहे, पण मला कुणी घरी येऊ देत नाही," म्हणजे वॉचमन फोन केल्याशिवाय कुणाला सोडत नाही. तुमच्या आई-बाबांसाठी मी भायली सांगणार नाही. तुम्ही स्वतः परत येणार असाल तर गोष्ट वेगळी.

वाडीतून निघालेला

सगळे घ्यायचं बोलताहेत. दादा, तुमचा वाडा विकला जाईल का आधी?

आमच्या सिटी सर्व्हेच्या प्रॉपर्टी कार्डावर आजोबांचं नाव होतं. पेढीनामा (वारसांची वंशावळ) केला, त्यात एक आत्या नागपूरला, एक गेलेली, तिची तीन मुलं. सगळ्यांच्या सह्या, हक्क सोडल्याचे दस्त. आमचा भाग अशांत धाऱ्यात येतो, म्हणजे १९९१च्या कायद्याप्रमाणे विक्रीआधी कलेक्टरची परवानगी. अर्ज, जबाब, शेजाऱ्यांची चौकशी, चार महिने गेले. तोवर आम्ही नवीन फ्लॅटचं बानाखत करून बसलेलो, मुदत तीन महिन्यांची. बिल्डरने ५१ हजार कापून घेतले. कागदात लिहिलेलंच होतं, मी वाचलं नव्हतं. तुमची गल्ली त्या यादीत आहे का ते आजच बघा, मग फ्लॅट बघत फिरा.

गोरवा

एका ओळीत: सकाळी अकराला घर पाहून पसंत केलं, रात्री वारा कारखान्यांच्या बाजूने फिरला की खिडक्या बंद. घर रात्री दहालाही पाहा.

बँकेतून निवृत्त

दस्तावेजाबद्दल कुणीच लिहिलं नाही म्हणून. गुजरातेत मुद्रांक ४.९ टक्के, वर नोंदणी १ टक्का. घेणारी एकटी बाई असेल तर तो १ टक्का माफ. पुरुषाचं नाव जोडीला घातलंत की माफी गेली. माझ्यासमोर एका गृहस्थांनी ४२ लाखांच्या घरावर हट्टाने स्वतःचं नाव घातलं, ४२ हजारांना पडलं ते नाव.

आणि एप्रिल २०२३मध्ये जंत्री, म्हणजे सरकारी दर, जवळपास दुप्पट झाली हे विसरू नका. दस्तात कमी रक्कम दाखवू, हा जुना सल्ला देणारे अजून भेटतात. मुद्रांक जंत्री आणि किंमत यांत जे जास्त त्यावर लागतो. चालू बांधकामात घेतलंत तर जीएसटी ५ टक्के. ९० चौरस मीटर कार्पेटच्या आत आणि ४५ लाखांच्या आत बसलात तर १. पार्किंग धरून ४५ बरं का. बी.यू. (इमारत वापराची) परवानगी मिळालेलं तयार घर असेल तर शून्य. वडीलधाऱ्यांसाठी मी तयारच घेईन, बांधकामाची वाट पाहायला वेळ तरुणांकडे असतो.

दांडियाबाजारवाला

सगळ्यांचे आभार. वाडीतल्या दादांचं वाचून काल बाबांना घेऊन कागद काढले. कार्डावर पणजोबा निघाले.

आणि एक. समाला आम्हाला एक घर फार आवडलं होतं, दुसरा मजला, शेजार चांगला. बिल्डिंग पंधरा वर्षांची, पण जिन्याखालच्या मीटरपेट्या अगदी कोऱ्या, खालच्या भिंतीला छातीपर्यंत ताजा रंग. सोसायटी किती नीट ठेवलीय म्हणून मी आईला कौतुकाने फोटो पाठवला होता. तो फोटो आत्ता परत उघडून पाहतोय.