मदत हवी आहे: इंग्रजी शब्दांचे अर्थ येतात, पण वाक्यात वापरता येत नाहीत

नमस्कार मंडळी,

शब्दसंग्रह वाढवायला एक वही केली आहे. शब्द, मराठी अर्थ आणि कोशातून उतरवलेलं एक वाक्य. वाचताना शब्द ओळखू येतात. पण ईमेल लिहायला बसलं की पुन्हा तेच 'गुड', 'नाइस' आणि 'व्हेरी इम्पॉर्टंट'. 'रिलक्टंट' म्हणजे नाखूश, हे झोपेतही सांगेन; पुढे 'टू' लावायचं की 'फॉर', तिथे गाडी अडते. 'सजेस्ट'चा अर्थ 'सुचवणे' एवढाच लिहिलेला असेल, तर 'ही सजेस्टेड मी टू गो' असंच कुणालाही सुचणार ना? आणि नेमकं तेच चूक.

उदाहरणाचं वाक्य कोशातलं घ्यावं की स्वतः रचावं? स्वतः रचलं तर तपासणार कोण? आणि शब्द घ्यायचे कुठल्या क्रमाने? 'रोज दहा कठीण शब्द' छापाच्या याद्या कृपया नकोत, त्यातले निम्मे पुन्हा कधी भेटतच नाहीत.

प्रतिसाद:
शब्द एकटा लिहूच नका, सोबत्यासह लिहा. 'मेक अ डिसिजन', 'कमिट अ क्राइम', 'रिलक्टंट टू ॲडमिट'. पाऊस 'हेवी' असतो, वारा 'स्ट्राँग'. आधी कोशातलं वाक्य घ्या आणि त्याचा साचा तसाच ठेवून फक्त माणसं व प्रसंग आपले घाला. मग तपासायला फारसं काही उरत नाही. कोश मात्र इंग्रजी शिकणाऱ्यांसाठी केलेला हवा. त्यात नामापुढे 'सी' किंवा 'यू' असतं, म्हणजे मोजता येणारं किंवा न येणारं. 'ॲडव्हाइस'पुढे 'यू' दिसलं की 'ॲन ॲडव्हाइस' लिहायचा मोह जातो. मराठी अर्थ खुशाल लिहा, त्यात कमीपणा कसला!

क्रमासाठी मायकेल वेस्ट यांची १९५३ सालची, नेहमीच्या वापरातल्या सुमारे २००० शब्दांची यादी अजूनही चांगली. ती पक्की झाली की ॲव्हरिल कॉक्सहेड यांची २००० साली आलेली ५७० शब्दकुटुंबांची (शब्दकुटुंब म्हणजे मूळ शब्द आणि त्यापासून झालेले शब्द), ती अभ्यासाच्या लेखनासाठी.

उजळणीला वहीपेक्षा कार्डं बरी. पुढे गाळलेल्या जागेचं वाक्य, मागे शब्द. आठवलं तर पुढची उजळणी लांबवा, नाही आठवलं तर उद्याच.

धागाकर्ता:
आभारी आहे. गाळलेल्या जागेचं आजच करून बघतो. पण 'पुट ऑफ', 'पुट आउट', 'पुट अप विथ' यांचं काय करायचं? एकाच कार्डावर घ्यायचे की प्रत्येकाचं वेगळं?