छोट्या शिशूत वही हवी की खेळ?

मूळ धागा (बालवाडी शिक्षिका)
साडेतीन वर्षांच्या मुलांकडून चौकटीच्या वहीत अंक गिरवून घेणे थांबवावे आणि मुलांवर विश्वास ठेवून खेळ मोकळा सोडावा, असे माझे ठाम मत आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डी गावी बालशिक्षणाचे काम सुरू केले, आदिवासी पाड्यावरच्या अंगणातच बालवाडी भरवली आणि शिंपले, बिया, पाने हेच शिकण्याचे साहित्य मानले. मूठभर चिंचोके चौघांत सारखे वाटणारे मूल भागाकाराच्या उंबरठ्यावर उभे असते, आणि ते वेचताना बोटांना जी पकड येते, तिच्यावरच पुढे अक्षराचे वळण अवलंबून असते.

प्रतिसाद (पालक)
ताई, आपले म्हणणे पटते, पण पूर्ण नाही. आम्ही दोघेही कामावर जातो आणि घरात गोष्टीचे एकही पुस्तक नाही. ज्यांच्या घरी पुस्तके आहेत, त्यांची मुले खेळता खेळता वाचू लागतील. आमच्या मुलाला अक्षर भेटते ते शाळेतच. पहिलीत गेल्याबरोबर त्याला फळ्यावरचे उतरवून घ्यावे लागणार आहे, तेव्हा तो मागे पडला तर जबाबदारी कोणाची?

प्रतिसाद (मूळ धागा लिहिणाऱ्या)
आपली काळजी रास्त आहे. अक्षराला माझा विरोध नाही, गिरवण्याच्या सक्तीला आहे. रोज मोठ्याने गोष्ट वाचणे आणि मुलांच्या नावांच्या चिठ्ठ्या ओळखायला लावणे, हे वर्गात झालेच पाहिजे. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात पायाभूत टप्पा तीन ते आठ वर्षांचा आहे, म्हणजे पहिली आणि दुसरीही त्यातच येतात. बदलायला हवी ती पहिली.

प्रतिसाद (अंगणवाडी सेविका)
मुलांवर विश्वास ठेवून खेळ मोकळा सोडावा, हे मला मान्य नाही. माझ्याकडच्या एका मुलीला कमी ऐकू येते. भातुकलीत बाकीच्या मुली बोलून भूमिका वाटून घेत आणि ही कोपऱ्यात झाकण धरून बसून राही. मी स्वतः भाजीवाली झाले, खुणेने भाव केला, तिच्या हाती तराजू दिला, तेव्हा कुठे बाकीच्या तिच्याकडे खुणा करत येऊ लागल्या. पण त्याच वेळी आहार शिजवायचा असतो, वजने नोंदवायची असतात. सगळ्यांना खेळात घ्यायचे, तर आधी सेविकेला खेळात बसायला वेळ द्या.