मिशन शाळेची नवी इमारत झाली. मराठी माध्यम मात्र पत्र्याखालीच

गोदाकाठी: काल आमच्या मिशन शाळेच्या नव्या इमारतीचं उद्घाटन झालं. प्रार्थना, फीत, बँड, सगळं झोकात. चार मजले, लिफ्ट, वर्गावर्गात प्रोजेक्टर. माजी विद्यार्थी म्हणून मीही होतो. चहाचा कप घेऊन सहज मागे गेलो, तर मराठी माध्यमाची सातवी त्याच पत्र्याच्या शेडमध्ये. फळ्याच्या कोपऱ्यात खडूनं लिहिलेलं: पट ३१, हजर २६. पावसात त्या पत्र्याखाली बाईंचा आवाज दुसऱ्या बाकापर्यंतही पोचायचा नाही, आमच्या वेळीही. नव्या इमारतीत त्यांना एकही खोली नाही. ‘पुढच्या टप्प्यात बघू’ म्हणे. खोल्या वाटताना मराठीचाच नंबर शेवटी का?

सिडकोवाला: पट तुम्हीच सांगितलात, उत्तर त्यातच आलं. मराठीच्या अनुदानित तुकडीचे पगार सरकार देतं, इमारत कोण बांधून देतं? ती उभी राहिली इंग्रजी माध्यमाच्या फीवर. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताईंनीसुद्धा पोरीला इंग्रजीतच घातलंय. त्यांना जाऊन सांगा मराठीचं प्रेम.

जुनं_नाशिक: नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज गाडी हाकतो आपण. ते नाव मिशनच्या वसाहतीचं. गुलामगिरीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना तिथे अक्षरओळखीबरोबर सुतारकी, लोहारकी शिकवायचे. त्यांतलाच जेकब वेनराइट. आफ्रिकेत फिरलेला मिशनरी-संशोधक डेव्हिड लिव्हिंग्स्टन, त्याचा मृतदेह आफ्रिकेच्या आतल्या भागातून किनाऱ्यापर्यंत आणणाऱ्यांत तो होता आणि १८७४ साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीतल्या दफनालाही हजर होता. ज्याला कोणी नाही त्याला आधी वर्गात घ्यायचं, अशी सुरुवात आहे ही. फी बघून खोल्या वाटायच्या तर ‘मिशन’ हा शब्द पाटीवर कशाला?

सिडकोवाला: छान. पण त्या वेनराइटनं प्रवासाची डायरी इंग्रजीत लिहिली, हे सांगायचं राहिलं की! म्हणजे मुद्दा माझाच झाला.

खडू_फळा: मी शिक्षिका आहे, दुसऱ्या शाळेत. इंग्रजी शिकवा हो, कोण नको म्हणतंय? पण २०१४ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालानंतर मिशनसारख्या अल्पसंख्याक शाळांना आरटीईच्या, म्हणजे शिक्षण हक्क कायद्यातल्या, गरीब मुलांसाठीच्या २५ टक्के जागांचं बंधन नाही. मग त्या आवारात गरिबाचं पोर शिरणार कुठून? याच अनुदानित तुकडीतून. ती आटली की फाटक बंद.

सिडकोवाला: हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. तरी पैशाचा प्रश्न उरतोच.

गोदाकाठी: पैसे नकोत, खोली आहे. तळमजल्यावर ‘माजी विद्यार्थी कक्ष’ काढलाय. सोफा, काचेचं कपाट, बाकी रिकामा. आमच्या नावाचा आहे, म्हणून काल रात्री बॅचच्या ग्रुपवर टाकलं: हा कक्ष आम्हांला नको, सातवीला द्या. आतापर्यंत अकरा अंगठे आलेत. वर केलेले, दाखवलेले नव्हेत. सोफ्याची वर्गणी ज्यानं दिली तो मात्र वाचून गप्प आहे.