आयफेल टॉवर: फोटोत न आलेलं काय आठवतं?

फोटो सगळ्यांचे सेमच असतात, म्हणून फोटो नकोत, तिथे काय झालं ते लिहा. मीच सुरुवात करते. लिफ्टची तिकिटं संपलेली, मग दक्षिणेकडच्या पायातल्या जिन्याने निघालो, दुसऱ्या मजल्यापर्यंत ६७४ पायऱ्या. नवरा मोठमोठ्याने मोजत होता, चारशेच्या पुढे कुठेतरी हुकला, आणि तरी वर पोचल्यावर म्हणतो बरोब्बर सातशे! मला आठवतात ते शेजारचे रिव्हेट, म्हणजे लोखंडी तुकडे जोडणाऱ्या जाड खिळ्यांची डोकी, मुठीएवढे वाटले, हजारो. आणि हो, टॉवर काळा नाहीये, चॉकलेटी आहे.

•

आमच्या वेळी वाऱ्यामुळे अगदी वरचा मजला बंद. चिडचिड झाली, खाली येऊन मान वर करून बघत बसले तर पहिल्या मजल्याच्या खाली सोनेरी अक्षरात नावं दिसली. टॉवर बांधणाऱ्या गुस्ताव्ह आयफेलने ७२ शास्त्रज्ञ-इंजिनिअर लोकांची नावं कोरून घेतलेली. त्यात बाई एकही नाही. फ्रेंच गणिती सोफी जर्मेनचं तर लवचिकतेच्या, म्हणजे धातू कसा वाकतो त्याच्या गणितात एवढं काम, म्हणजे टॉवरच्या जवळचाच विषय की, तरी नाही. मी मेकॅनिकलची, त्यामुळे जरा जास्तच लागलं.

•

जूनमध्ये जाणाऱ्यांनो, अंधारच दहानंतर पडतो हे लक्षात ठेवा. लाइट्स दर तासाला पाच मिनिटं चमचमतात, ते बघायला आम्ही टॉवरसमोरच्या त्रोकादेरो चौकात पायऱ्यांवर ठाण मांडून बसलो, आणि अकराला दहा मिनिटं असताना चिरंजीव खांद्यावर झोपले. हलवलं, गुदगुल्या केल्या, ढिम्म. सगळं संपल्यावर डोळे किलकिले करून "झालं?" आता सगळ्यांना सांगत फिरतो, मी बघितलंय म्हणून. मीपण खोडून काढत नाही.

•

सह्या मागत कागद पुढे करणाऱ्या मुलींपासून सावध. मी सही करत होतो, पाकीट गेलं. एवढंच आठवतं, टॉवर नीट बघितलाच नाही.

•

@पाकीट, अरेरे!! मला खरं सांगायचं तर टॉवरपेक्षा त्याची गोष्ट आवडली. १८८९ च्या पॅरिसमधल्या जागतिक प्रदर्शनासाठी बांधला, परवानगी वीसच वर्षांची, नंतर पाडायची मुभा होती, पण बिनतारी संदेशांना एवढा उंच खांब दुसरा कुठला मिळणार, म्हणून राहिला. खाली उभा राहून बायकोला हे सगळं रंगवून सांगत होतो, ती म्हणाली बरं, आता जरा बाजूला हो, फोटोत येतोयस.