मदत हवी आहे: भावाच्या ओसीडीसाठी थेरपिस्टला शिक्षण आणि पद्धत कशी विचारावी?

नमस्कार. माझा धाकटा भाऊ २४ वर्षांचा आहे, आम्ही नाशिकला असतो. दीड वर्षात त्याचं हात धुणं वाढत वाढत एकेका वेळी पाऊण तासावर गेलंय. बोटांच्या पेरांना भेगा पडून रक्त येतं. दाराची कडी, नोटा, बाहेरून आलेली पिशवी, कशालाही हात लागला की पुन्हा बेसिन. मनोविकारतज्ज्ञांनी ओसीडी, म्हणजे मंत्रचळ, असं निदान करून गोळ्या दिल्या आणि सोबत थेरपी हवीच म्हणाले.

ओळखीतून एक समुपदेशक मिळाले. सहा बैठका झाल्या. माणूस प्रेमळ आहे, आणि भाऊ त्यांच्यासाठी घराबाहेर पडतो हे मला फार मोठं वाटतं. पण दर वेळी ते त्याला "काही होणार नाही" अशी खात्री देतात, दीर्घ श्वास घ्यायला लावतात. तासभर बरं वाटतं. मग तीच खात्री तो आईकडे मागत राहतो, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. शिक्षण विचारलं तर "विश्वास ठेवा, अशा खूप केसेस पाहिल्यात" एवढंच उत्तर.

मी वाचलं की क्लिनिकल सायकॉलॉजिस्टला भारतीय पुनर्वास परिषदेची (आरसीआय) नोंदणी लागते आणि ती त्यांच्या संकेतस्थळावर तपासता येते. ओसीडीवर ईआरपी नावाची पद्धत वापरतात, म्हणजे भीतीला हळूहळू सामोरं जायचं पण हात धुण्यासारखी कृती करायची नाही, हेही वाचलं. यांना न दुखावता हे कसं विचारू? की थेरपिस्टच बदलू? भाऊ पुन्हा घरात कोंडून घेईल, याची धास्ती वाटते.

प्रतिसाद:
ताई, मी यातून गेलोय. माझं कुलूप तपासण्याचं होतं. माझ्या थेरपिस्टनी पहिल्याच भेटीत स्वतःहून सांगितलं: एम.फिल. कुठून केलं, ओसीडीचे किती रुग्ण पाहिले, अडलं तर कोणाचा सल्ला घेतात. मग माझ्या भीतींची शिडी केली, ० ते १०० गुण देऊन. सर्वात खालची पायरी म्हणजे कुलूप एकदाच लावायचं आणि मागे न बघता कोपऱ्यापर्यंत जायचं. छातीत धडधड व्हायची. ती होऊ द्यायची, परतायचं नाही, एवढंच काम. खात्री देणं मात्र त्यांनी कटाक्षाने टाळलं, कारण त्याने मंत्रचळाला खतपाणी मिळतं. बायकोलाही एका बैठकीला बोलावून तेच शिकवलं.

तुम्ही सरळ विचारा: "ईआरपीचं प्रशिक्षण घेतलंय का? पुढच्या चार बैठकांत काय करणार?" शिकलेल्या माणसाला याचा राग येत नाही. उत्तर टाळलं तर तुमच्या मनोविकारतज्ज्ञांकडूनच दुसरं नाव घ्या. मात्र भावाला आधी विश्वासात घ्या, आताच्या समुपदेशकांना शेवटचं भेटू द्या.

धागाकर्ती:
खूप आभार. दोन्ही प्रश्न वहीत लिहिलेत, शनिवारी विचारते. एकच विचारायचं राहिलं: तुम्ही खात्री मागितलीत की वहिनी नेमकं काय म्हणायच्या? आईला तो रडायला लागला की राहवत नाही.