मदत हवी आहे: उंदीर ३० अंशांवर कसे ठेवता?

नमस्कार मंडळी. माझं पीएचडीचं काम तपकिरी चरबीवर, म्हणजे इंधन जाळून शरीराला ऊब देणाऱ्या चरबीवर आहे. आमच्या अ‍ॅनिमल हाउसचं तापमान २२ अंश. आपल्याला छान वाटतं, पण उंदराला ती थंडीच. जादा ऊर्जा न जाळता त्याची ऊब टिकते ती ३० अंशांच्या आसपास. म्हणजे आमचे उंदीर चोवीस तास शेकोटी पेटवून बसलेले, आणि आम्ही तोच त्यांचा ‘नॉर्मल’ ऊर्जाखर्च धरतो!

फरक किरकोळ नाही. तपकिरी चरबीत इंधनाची थेट उष्णता करणारं यूसीपी-१ हे प्रथिन नसलेले उंदीर १९९७ च्या प्रयोगात लठ्ठ झाले नव्हते. २००९ मध्ये तसेच उंदीर उबेत ठेवले, तर झाले.

म्हणून मलाही ३० अंशांवरचा एक गट हवा आहे. अख्खी खोली तापवणं परवडणारं नाही. कुणी पिंजरे इन्क्युबेटरमध्ये ठेवलेत का? आर्द्रता कशी सांभाळता, विशेषतः पावसाळ्यात? मोजमापाआधी किती दिवस सरावू देता? घरट्याचं साहित्य दोन्ही गटांना सारखंच द्यायचं का? आणि एथिक्स कमिटीला आधीच्या अर्जात दुरुस्ती चालते, की नवा अर्जच करावा लागतो? गाइडना पुढच्या आठवड्यात आराखडा दाखवायचा आहे.