वडिलांच्या टेपा भंगारात घालणाऱ्याला उत्तर

गावभागकर
परवा इथं 'नवा फेडर' यांनी लिहिलं की वडिलांचा सांगलीतला घरचा स्टुडिओ त्यांनी 'मोकळा' केला. भिंतीवरच्या गोधड्या उतरवल्या, टेपा वाजवणाऱ्या स्पूल डेकला गिऱ्हाईक मिळालं, ट्रंकांमधल्या टेपा येत्या रविवारी भंगारात. खोलीत आता पॉडकास्टसाठी दोन खुर्च्या, दोन माइक आणि निळा दिवा. वर शेरा: आठवणींचं भाडं कोण भरतं? आणि त्याला लाइकच्या अंगठ्यांचा पाऊस. राहवलं नाही म्हणून लिहितोय.

गोधड्या उतरवा, त्या धुळीनं गाणाऱ्यांचे घसे बसायचे. डेकसाठीही भांडत नाही. टेप वाचणारं हेड झिजलंय, रबरी रोलर चिकट झालाय. पण टेपा तुमच्या कधी होत्या हो? पैसे मोजून मुद्रण करून घेतलं ते भजनी मंडळांनी, शाळांनी, पडलेल्या उमेदवारांनी. कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क निर्मात्याचा, प्रसिद्ध झाल्यावर ६० वर्षं. स्टुडिओवाला फक्त राखणदार. आणि 'त्यात विशेष काही नाही' हे न ऐकता ठरवलंत कसं? त्या खोलीत मी तबल्याला बसलोय. पंखा बंद, दाराला गादी टेकवलेली, अभंग रंगलेला, आणि शेवटच्या ओळीवर गल्लीतून कल्हईवाल्याची आरोळी. तुमच्या वडिलांनी ते मुद्रण पुसलं नाही. म्हणाले, राहू दे, तोही सांगलीचाच आहे.

नवा फेडर
काका, तुम्ही तबल्याला बसलात, चिखल काढायला नाही. २०१९ला आयर्विन पुलाशी कृष्णा ४५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून गेली तेव्हा ट्रंका माळ्यावर चढवणारा मी होतो. त्या नादात आईचं शिलाई मशीन खालीच राहिलं. ते कुणाच्या वारशात बसतं, सांगा. तेव्हापासून एकही मंडळ टेप मागायला फिरकलेलं नाही.

आणि बाबांनी तरी स्टुडिओ कुठं जसाच्या तसा ठेवला? स्पूल, मग कॅसेट, मग व्हिडिओ कॅसेटवर आठ ट्रॅक घेणारं एडॅट, मग कॉम्प्युटर. दर वेळी जुनं विकून नवं. तेव्हा कुणी छाती बडवली नाही. पॉडकास्टवाले तासाचे पैसे आगाऊ देतात. गाणारे म्हणतात, आधी फाइल पाठवा, मग बघू.

षड्जपंचम
दोघांचंही चुकतंय. घरचे स्टुडिओ मेले ते तंबोऱ्याच्या खोक्यामुळं, म्हणजे इलेक्ट्रॉनिक तंबोऱ्यामुळं. दहा किलोमीटरवर मिरज, तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ला भौगोलिक मानांकन मिळालं, आणि सांगलीच्या स्टुडिओत तंबोरा वाजतो मोबाइलमधून! लाज वाटायला हवी.

फुकट सल्लागार
खरा तंबोरा लावायला अर्धा तास, त्या अर्ध्या तासाचं भाडं कोण देतं? तुम्ही? एसी लावला की सूर हलतो, बंद केला की पुन्हा हलतो. गायिका घामानं निथळतेय आणि तंबोरेवाले डोळे मिटून खुंट्या पिळतायत, हे मी प्रत्यक्ष भोगलंय.

षड्जपंचम
खुंट्या नव्हे, जवारी लावत असतील. तारांखालच्या घोडीवर दोरा केसभर सरकवला की स्वर उघडतो. तुमच्या खोक्यात दर फेरीला तोच आवाज. कान मेलेल्यांना फरक कळणार नाही, हे मान्य.

पाचवी माळ
कान मेलेले म्हणजे काय हो? बंगळुरूच्या जी. राज नारायण यांनी १९७९च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा केला नसता तर माझ्यासारखीनं दोन खोल्यांच्या घरात रियाज केला असता का? सासूबाई झोपल्या की आवाज बारीक करून पहाटे बसायचे. तंबोऱ्याला बसवायला शिष्य तुमच्या घरी असतील. माझ्याकडं कुकर होता.

षड्जपंचम
रियाजाला ठेवा की. मी मुद्रणाबद्दल बोलतोय.

पाचवी माळ
आधी तसं लिहिलं नव्हतंत. वर जाऊन वाचा.

फुकट सल्लागार
+१. आणि मानांकनानं तंबोरे खपत नाहीत, खपले तर गिऱ्हाइकानं खपतात. षड्जपंचम, तुम्ही मिरजेहून शेवटचा तंबोरा कधी घेतलात?

गावभागकर
अहो, रविवारी टेम्पो येतोय! विषयावर या.

टेपवाली
आर्काइव्हमध्ये हेच काम करते, म्हणून लिहिते. गावभागकर, टेपांसाठी रडताय आणि डेक सोडून देताय? टेप कपाटात पडून राहील, पण ती वाजवणारं चालू यंत्र मिळणं जास्त अवघड. रोलर बदलून मिळतो, हेड घासून घेता येतं.

नवा फेडर, टेप उजेडासमोर धरा. आरपार दिसली तर अ‍ॅसिटेट, म्हणजे जुन्या प्रकारची टेप. तिला उष्णता अजिबात नको. सत्तर-ऐंशीच्या दशकातल्या काही टेपांचा बायंडर, म्हणजे चुंबकीय थर धरून ठेवणारा चिकट पदार्थ, ओल धरतो, हेडवर तपकिरी चिकटा सोडतो. त्यांना ५० ते ५५ अंशांवर काही तास शेकतात, पण ते नेमक्या तापमानाच्या यंत्रात. घरच्या ओव्हनमध्ये नाही. एखादी पुरात भिजलेली असेल तर तीही उन्हात टाकू नका. कॉम्प्युटरवर मुद्रण २४ बिट, ९६ किलोहर्ट्झला घ्या. स्टिरिओ तासाला साधारण २ जीबी होतं. त्यासाठी ट्रंकाभर जागा लागत नाही, तेव्हा भाड्याचा मुद्दा संपला.

नवा फेडर
संपला कसा? टेपा वाजतात त्याच वेगानं. तासाची टेप म्हणजे माझा तास, आणि मध्ये दर वेळी हेड पुसायचं. तो कोण देणार?

बरं, डेक अजून घरातच आहे, घेणाऱ्यानं निम्मेच पैसे दिलेत. ते परत करतो. टेम्पोवाल्याला दिवाळीनंतर ये म्हणून सांगतो, त्यापुढचं वचन नाही. वारशाची एवढी कळकळ असलेल्या काकांनी येऊन डब्यांवरची नावं वाचावीत, बाबांचं अक्षर मला लागत नाही. खोली पॉडकास्टचीच राहणार.

गावभागकर
राहू दे पॉडकास्टची. शनिवारी येतो. निळा दिवा तेवढा बंद ठेवा, डोळ्यांना त्रास होतो.

टेपवाली
हार्डडिस्क दोन घ्या. एक सांगलीबाहेर ठेवा, कृष्णेचा भरवसा नाही.

फुकट सल्लागार
बाहेर म्हणजे मिरजेला, षड्जपंचमांकडं. तंबोऱ्याशेजारी जागा असेलच.

षड्जपंचम
आहे. पण एसी नाही, आधीच सांगतो.